हत्तीची वाट मोकळी ठेवणारे

दर शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात एक बातमी मोठ्याने वाचायची आणि मग तिच्यावर बोलायचे, असा आमचा अनेक वर्षांचा रिवाज आहे. उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय आमच्याकडेच असल्याने एका शनिवारी उर्दू वर्तमानपत्र असते, दुसऱ्या शनिवारी मराठी. एका शनिवारी सातवीतल्या एका मुलीने वाचायला घेतलेली बातमी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातली होती. कर्नाटकातून २००२ साली हत्ती तिकडे उतरले आणि तेव्हापासून तिथल्या गावांची रात्रीची झोप उडाली आहे. कधी माड पडतात, कधी केळी, कधी भाताची उडवी विस्कटते, आणि कधी माणसाचा जीवही जातो.

बातमी संपली तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या मामूंची केळीची बाग त्याच भागात आहे आणि ती एका रात्रीत आडवी झाली होती. तो म्हणाला, "सर, निबंधात आपण लिहितो, प्राण्यांचे रक्षण करा म्हणून. पण मामूंचे काय? त्यांनी बॅटरी घेऊन रात्रभर जागायचे आणि आपण निबंध लिहायचे का?"

वर्ग एकदम गप्प झाला. खरे सांगायचे तर आमच्याकडेही उत्तर नव्हते. पुस्तकात जे छापलेले आहे ते या मुलाच्या तोंडावर म्हणायची आमची हिंमत झाली नाही. "पुढच्या शनिवारी बोलू," एवढेच म्हणालो आणि घंटा झाली.

त्या आठवड्यात आम्ही जे जे वाचले त्यातून एक हकीकत हाती लागली. ती आपल्या देशातली नाही, पण हत्ती आणि माणूस समोरासमोर आले तर काय करायचे हे तिच्यातून जितके कळले तितके दुसऱ्या कशातून कळले नाही. तीच आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

जंगलाच्या जागी वसलेले शहर

बांगलादेशाच्या अगदी दक्षिण टोकाला कॉक्स बझार जिल्हा आहे. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला म्यानमारची सरहद्द. या जिल्ह्यातल्या उखिया भागात कुतुपालोंग नावाचे ठिकाण आहे. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाईन प्रांतातून रोहिंग्या मुसलमानांचे लोंढे सरहद्द ओलांडून इकडे येऊ लागले. थोड्याच महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे आली. जाळलेली घरे मागे सोडून, कडेवर मुले आणि डोक्यावर गाठोडी घेऊन आलेली ही माणसे जिथे जागा मिळेल तिथे थांबली. टेकड्यांवरची झाडे तोडली गेली, बांबू उभे राहिले, त्यांवर ताडपत्री आली. बघता बघता तिथे जगातली सर्वांत मोठी निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे तेरा चौरस किलोमीटरच्या जागेत सहा लाखांहून अधिक माणसे राहू लागली.

ही जागा मात्र रिकामी नव्हती. ते राखीव जंगल होते आणि त्यातून हत्तींची येण्याजाण्याची वाट होती. बांगलादेशात रानटी हत्ती फार उरलेले नाहीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या पाहणीत देशात कायम राहणाऱ्या हत्तींची संख्या अंदाजे २६८ धरली होती आणि त्यांच्या बारा वाटा नोंदवल्या होत्या. त्यांतली एक वाट उखिया आणि घुनधुम यांच्यामधून म्यानमारच्या बाजूला जाते. छावणी नेमकी या वाटेवर पसरली. आजूबाजूच्या जंगलात चाळीसएक हत्ती होते. त्यांची एक बाजू माणसांनी बंद झाली, दुसऱ्या बाजूला सरहद्दीवरचे कुंपण आणि पेरलेले सुरुंग.

हत्तीचा स्वभाव असा की वाट तो सहसा विसरत नाही. कळपाची म्होरकी असते एक वयस्क हत्तीण. पाणी कुठे, चारा कुठे, कोणत्या दिवसांत कोणत्या टेकडीवरून उतरायचे, हे तिने आपल्या आईमागून चालून शिकलेले असते आणि कळप तिच्यामागून चालत ते शिकतो. एका मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, शंभर लिटरहून जास्त पाणी लागते. तो एका जागी बसून राहूच शकत नाही. म्हणून हत्ती आपल्या वाटेने आले, आणि वाटेत ताडपत्रीची घरे लागली.

त्या रात्री

सप्टेंबर २०१७ मध्ये पहिली घटना घडली. छावणीत झोपलेल्या माणसांवर हत्ती आले आणि एक वयस्क गृहस्थ आणि एक लहान मूल दगावले. पुढच्या काही महिन्यांत अशा घटना होत राहिल्या. २०१८ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे डझनभर निर्वासित हत्तींच्या पायाखाली गेले. बंदुकीतून वाचून आलेली माणसे इथे येऊन अशी गेली.

यातले सगळेच मृत्यू केवळ हत्तीमुळे झाले असे म्हणता येत नाही. हत्ती आला की गलका होई. झोपेतून उठलेली शेकडो माणसे चारही बाजूंनी धावत. कोणी दगड मारी, कोणी पेटते लाकूड फेकी, तरुण मुले मोबाइलवर चित्र काढायला अगदी जवळ जात. अशा वेळी हत्तीला निघून जायचे असले तरी जायला जागा राहत नाही. त्याची नजर मंद असते, कान आणि सोंड मात्र फार तीक्ष्ण. चहूकडून आवाज आणि उजेड आला की तो बिथरतो, आणि मग समोर जे येईल ते तुडवत सुटतो.

हे लक्षात घेऊन २०१८ च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रसंघाची निर्वासितांसाठीची संस्था आणि आययूसीएन यांनी बांगलादेशच्या वनखात्याच्या साथीने एक काम हाती घेतले. बाहेरून पहारेकरी आणण्याऐवजी छावणीतलीच माणसे निवडून त्यांना शिकवायचे ठरले. हत्ती प्रतिसाद पथके असे या तुकड्यांना नाव मिळाले. सुरुवातीला पंचवीस पथके होती, एकेका पथकात साधारण दहा जण. पुढे पथके वाढत गेली आणि पाचशेहून अधिक रोहिंग्या स्वयंसेवक या कामावर आले. छावणीच्या जंगलाकडच्या कडेने बांबूचे उंच मनोरे उभारले गेले. त्यांची संख्याही पुढे नव्वदच्या वर गेली.

शिकवले काय?

आम्ही पेशाने शिक्षक, त्यामुळे कुठे काही शिकवले जात असेल तर पहिला प्रश्न मनात येतो, की पाठ काय होता? रोहिंग्यांची बोली आणि चितगावकडची बोली एकमेकींच्या फार जवळच्या आहेत, त्यामुळे शिकवणारे आणि शिकणारे यांच्यात भाषेची भिंत नव्हती. पण शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांना औपचारिक शिक्षण मिळालेले नव्हते. म्हणून सगळे काम तोंडी आणि प्रत्यक्ष करून दाखवण्याचे होते.

पहिला पाठ होता पाहण्याचा. मगरिबनंतर मनोऱ्यावर चढायचे आणि उजाडेपर्यंत पाळी-पाळीने जागायचे. अंधारात हत्ती आधी दिसत नाही, ऐकू येतो. फांदी मोडल्याचा आवाज, ओल्या गवतातून जड पाऊल ओढल्याचा आवाज. दिसला की चार गोष्टी मनात धरायच्या: एकटा आहे की कळप आहे, पिल्लू बरोबर आहे का, कोणत्या दिशेने येतो आहे, किती अंतरावर आहे. पिल्लू असेल तर हत्तीण जास्त धोक्याची, हे विसरायचे नाही.

दुसरा पाठ होता कळवण्याचा. आरडाओरडा करायचा नाही. शेजारच्या मनोऱ्याला बॅटरीने किंवा फोनवरून कळवायचे, पथक जमवायचे.

तिसरा पाठ सर्वांत कठीण होता, आणि आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावणाराही तोच. पथकाने हत्तीकडे धावायचे नाही, आधी माणसांकडे वळायचे. शिट्टी वाजवून, भोंग्यावरून बोलून लोकांना मागे घ्यायचे, मुलांना बाजूला न्यायचे, दगड आणि पेटती लाकडे हातातून काढून घ्यायची. आपले घर तुडवले जाताना दिसत असताना माणसाला "शांत उभे राहा" असे सांगायचे, आणि त्याने ते ऐकावे असे वागायचे, हे काही सोपे नाही. यासाठीच पथकातली माणसे त्याच गल्लीतली, ओळखीची असणे गरजेचे होते. परक्या माणसाचे अशा वेळी कोण ऐकतो?

लोक मागे झाल्यावर चौथा पाठ. पथकाने घरांच्या बाजूला ओळीने, अर्ध्या चंद्रकोरीसारखे उभे राहायचे. बॅटऱ्या पेटवायच्या, एका सुरात आवाज करायचा, आणि हळूहळू पुढे सरकायचे. जंगलाकडची बाजू पूर्ण मोकळी ठेवायची. तिथे एकही माणूस, एकही दिवा नको. हत्तीला एकाच बाजूला अंधार आणि शांतता दिसली की तो बहुधा तिकडेच वळतो. तो वळला की त्याच्या मागे धावायचे नाही. त्याला त्याच्या चालीने जाऊ द्यायचे.

शेवटचा पाठ नोंदीचा. किती वाजता आला, कोठून आला, किती होते, कोठे गेले. एका रात्रीची नोंद म्हणजे गोष्ट असते, पण वर्षभराच्या नोंदी एकत्र केल्या की त्यांतून वाट दिसू लागते. कोणत्या महिन्यात कोणत्या टोकाला जास्त जागायचे, पुढचा मनोरा कुठे बांधायचा, हे त्यावरून ठरवता येते.

पाऊल वाचणारी माणसे

ही नोंदीची विद्या जगभर वनरक्षकांना शिकवली जाते. हत्ती न दिसताही त्याची हजेरी घेता येते. लीद ताजी की जुनी यावरून तो केव्हा गेला ते कळते, तिच्यात सापडलेल्या बियांवरून त्याने काय खाल्ले ते कळते. पुढच्या पायाचा ठसा बराचसा गोल असतो, मागच्याचा लांबट. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दोरीने मोजून त्याची दुप्पट केली की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची जवळपास बरोबर निघते. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा गणिताला कंटाळणारी मुलेसुद्धा वही काढून बसली.

मेलेल्या हत्तीचीही नोंद ठेवावी लागते. हत्तींच्या बेकायदा हत्येवर नजर ठेवण्याच्या 'माइक' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा पाया १९९७ साली हरारे इथल्या परिषदेत घातला गेला. आफ्रिका आणि आशियातल्या ठरलेल्या जंगलांत वनरक्षकाला हत्तीचा सांगाडा सापडला की तो कशाने मेला हे शोधून लिहावे लागते. म्हातारपण, आजार, गोळी, विष की विजेची तार? सुळे जागेवर आहेत की कापून नेले? हे कोणी लिहिलेच नाही तर हत्ती कमी का होत आहेत, हेच कळणार नाही.

कुतुपालोंगच्या पथकांना सुळ्यांच्या चोरांशी लढायचे नव्हते. त्यांचे काम एवढेच की रात्री हत्ती आला तर सकाळी तो जिवंत असावा आणि माणसेही जिवंत असावीत. आणि ते त्यांनी करून दाखवले. पथके उभी राहिल्यानंतर हत्ती छावणीत येण्याचे थांबले नाही, ते पुन्हा पुन्हा आले. पण आधीच्या महिन्यांत जसे एकामागून एक मृत्यू झाले होते तसे पुढे झाले नाहीत. हत्ती आला, पथक उभे राहिले, हत्ती परत गेला, असे अनेक रात्री घडले.

याबरोबर घराघरांतही काम झाले. लाकूडफाटा आणायला बायका-मुले रोज जंगलात जात. छावणीत रोज शेकडो टन लाकूड जळत होते. २०१८ पासून कुटुंबांना स्वयंपाकाचा गॅस मिळू लागला तसे हे जाणे कमी झाले. बायका-मुलांचा धोका टळला आणि उघड्या टेकड्यांवर पुन्हा रोपे लावता आली. मुलांसाठी बांबू आणि जुन्या कपड्यांचे मोठमोठे हत्ती करून ते छावणीत फिरवले गेले. हत्ती दिसला तर काय करायचे आणि काय करायचे नाही, हे मुले त्यातून खेळत शिकली.

जे पथकाच्या हातात नाही

इथे थांबलो तर हकीकत फार गोड होईल, आणि ती तेवढी गोड नाही. पथक हत्तीला परत जंगलात पाठवते, पण त्याची पलीकडे जाण्याची वाट आजही छावणीने अडवलेली आहे. चाळीसएक हत्ती एका कोपऱ्यात अडकल्यासारखे झाले आहेत. छावणीबाहेरच्या गावांत भाताच्या शेतांभोवती लोक विजेच्या तारा सोडतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेशात थोड्याच दिवसांत अनेक हत्ती मेले, काही तारेला चिकटून, काही गोळीने. पुढे कॉक्स बझारपर्यंत नवी रेल्वे झाली. चुनती अभयारण्यातून जाताना तिच्यावरून हत्तींसाठी खास पूलही बांधला आहे. तरीही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच भागात गाडीची धडक बसून हत्तीचे एक पिल्लू गेले.

आणि पथकातल्या माणसांचे स्वतःचे काय? त्यांना परत घरी जाता येत नाही, इथे रीतसर नोकरी करता येत नाही. ज्यांची स्वतःची वाट बंद झाली आहे तेच रात्री जागून दुसऱ्याची वाट मोकळी ठेवतात. हे वाचताना आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

मैदानावरचा शनिवार

पुढच्या शनिवारी वर्ग मैदानावर नेला. पाण्याच्या टाकीकडची झाडे म्हणजे जंगल, फाटकाकडची बाजू म्हणजे वस्ती. हत्ती कोण होणार म्हटल्यावर सगळ्यांनी त्या केळीच्या बागवाल्या मुलाकडेच बोट दाखवले. तो हसत मधे जाऊन उभा राहिला.

पहिल्यांदा मुलांना काहीच सांगितले नाही, फक्त "हत्तीला हाकला" म्हटले. चाळीस मुलांनी त्याला चहूकडून घेरले आणि असा गोंगाट केला की शेजारच्या वर्गातले सर बाहेर आले. आमचा हत्ती दोन वेळा गरगर फिरला आणि शेवटी मुलींच्या घोळक्यातून वाट काढत पळाला. एकीची पाण्याची बाटली फुटली, एकाचे ढोपर खरचटले.

दुसऱ्या वेळी सहा मुलांचे पथक केले. त्यांनी आधी बाकीच्यांना मागे घेतले. त्यातच पाच मिनिटे गेली, कारण कोणी मागे व्हायला तयार नव्हते. मग सहा जण अर्ध्या चंद्रकोरीत उभे राहिले आणि टाळ्या वाजवत पुढे सरकले. हत्ती वळला आणि झाडांकडे चालत गेला. धावला नाही.

आम्ही त्याला विचारले, काय फरक वाटला? तो म्हणाला, "सर, पहिल्या वेळी मला कुठे जायचे तेच कळत नव्हते. सगळीकडे तुम्हीच होतात." थोडे थांबून म्हणाला, "मामूंच्या गावातही असेच करतात. सगळे एकदम धावतात."

हे खेळातले हत्ती आणि खेळातले पथक. खऱ्या हत्तीपुढे मुलांनी किंवा न शिकलेल्या माणसांनी असे काही करू नये, हे आम्ही तिथेच बजावून सांगितले. आपल्याकडे गडचिरोलीत २०२१ मध्ये हत्तींचा कळप आला तेव्हा वनविभागाला बंगालमधून माहीतगार माणसे बोलवावी लागली होती. हे अनुभवाने येणारे काम आहे. गावातल्या तरुणांना ते रीतसर शिकवले जावे, त्यांच्या जागरणाचा मोबदला मिळावा आणि त्यांच्या हाती चांगल्या बॅटऱ्या आणि भोंगे यावेत, ही मागणी मात्र आपण करू शकतो.

वर्गात परत जाताना तो मुलगा आमच्याजवळ आला. "सर, हत्ती परत गेला ते ठीक. पण मामूंच्या केळी?"

प्रश्न अगदी रास्त होता. हत्तीने पीक तुडवले तर सरकारी नियमाप्रमाणे भरपाई मिळते, पण त्यासाठी लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो आणि अर्ज नीट लिहावा लागतो. मामूंनी अर्ज दिला होता का? त्याला माहीत नव्हते. सोमवारी विचारून आला. दिला नव्हता. पुन्हा असे झाले तर कसा लिहायचा, तेही घरात कोणाला ठाऊक नव्हते.

त्या आठवड्यात मराठीच्या तासाला आम्ही धडा बाजूला ठेवला आणि अर्जलेखन घेतले. विषय: रानटी हत्तीने केलेल्या पीकनुकसानीची भरपाई मिळण्याबाबत. घटनेची तारीख, वेळ, गट नंबर, किती झाडे, हत्ती किती, कोठून आले, कोठे गेले. चाळीस मुलांनी चाळीस अर्ज लिहिले. त्यांतला सर्वांत स्वच्छ अक्षरातला नमुना त्या मुलाने घडी घालून दप्तरात ठेवला, मामूंसाठी.